उपासाचं पिंप

दारात आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी वही उघडणारी सून आपल्याच नशिबी का यावी, हे विमलबाई शिर्क्यांना तीन वर्षांत उलगडलं नव्हतं.

तशी उत्कर्षा वाईट नव्हती. हाताला चव होती, उलट उत्तर देत नसे, नवऱ्याच्या, सलीलच्या, रिफायनरीतल्या पाळ्या कशाही बदलल्या तरी कुरकुर नव्हती. पण छाणी गावातल्या घरच्या साबणाच्या कारखान्यात तिने पाय ठेवला आणि तिथली रीतच पालटली. परवाचीच गोष्ट. समोरचे साबणवाले बळवंतराव कॉस्टिक सोड्याचं अर्धं पोतं मागायला आले. तीस वर्षं येतात तसेच आले, चपला बाहेर काढून, घसा खाकरून. तर ही म्हणाली, “काका, एक मिनिट हं, नोंद करते,” आणि वही उघडून पेन शोधत बसली. बळवंतराव बिचारे फौजदारासमोर जबाब द्यायला आल्यासारखे हात बांधून उभे.

ते गेल्यावर विमलबाईंनी सुनेला धारेवर धरलं.

“माणूस दारात आणि तू वहीत. तुझ्या सासऱ्यांनी हा कारखाना घातला तेव्हा आमच्याकडे कढईसुद्धा नव्हती. ती दिली कोणी? बळवंतरावांनी. त्यांनी नाही वही उघडली.”

“आई, कॉस्टिकचं काहीच नाही,” उत्कर्षा म्हणाली. “कॉस्टिक हवं तेवढं द्या. फक्त त्या हिरव्या पट्ट्याच्या पिंपांना हात लावायचा नाही. त्यातलं तेल कोणालाच द्यायचं नाही.”

“का, सोन्याचं आहे?”

“सर्टिफाइड आहे. सेग्रिगेटेड.”

विमलबाई मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना न कळणारे शब्द त्या उंबऱ्याबाहेरच उभे ठेवत, आत घेत नसत. हा शब्दही तसाच बाहेर राहिला.

भानगड सुरू झाली ती गेल्या वर्षी. हॉटेलांना छोट्या वड्या पुरवणाऱ्या एका कंपनीने कळवलं, की यापुढे साबण घेऊ तो जंगल न जाळता लावलेल्या झाडांच्या पामतेलाचाच, आणि त्याचं प्रमाणपत्र दाखवाल तरच. एकट्या लहान कारखान्याला ते झेपणारं नव्हतं. मग उत्कर्षाने स्कूटरवरून महिनाभर छाणीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि चार साबणवाल्यांना एकत्र आणलं. चौघांचा एक गट, चौघांचं मिळून एक प्रमाणपत्र. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, चारांतले कोणतेही दोन कारखाने बघायचे, आणि एकाने जरी घोळ केला तरी चौघांच्या हातचं काम जायचं.

बळवंतरावांनाही तिने विचारलं होतं. ते हसले होते. “कागदाने साबणाला फेस येतो का, पोरी?” म्हणाले, आणि बाहेर राहिले.

विमलबाईंना ते बोलणं मनातून पटलं होतं. साबण तयार झाला का, हे त्या अजून उलथन्यावरून ओघळणाऱ्या धारेकडे बघून सांगत. कागद बघून त्यांना आजवर काहीच सांगावं लागलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उत्कर्षा दोन दिवस भरूचला गेली, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला. आणि नेमके त्याच दुपारी बळवंतराव घाईघाईने आले. या खेपेला चपला काढायचंही त्यांना सुचलं नाही.

“वहिनी, टँकर अडकलाय. दोन दिवस यायचा नाही म्हणतात. इकडे कढई पेटवून बसलोय. एक पिंप द्या, मंगळवारी तुमच्या दारात आणून ठेवतो.”

विमलबाईंनी मागे वळून पाहिलं. साध्या तेलाची पिंपं रिकामी होती, त्यांचा माल उद्या यायचा होता. भिंतीशी हिरव्या पट्ट्याची सात पिंपं ओळीने उभी होती, भरलेली. सुनेचं बोलणं त्यांना आठवलं. पण समोर उभा असलेला माणूस आणि त्याची तापलेली कढई यांच्यापुढे त्यांना ते बोलणं फार बारीक वाटलं. तीस वर्षांत या दारातून कोणी हात हलवत गेलं नव्हतं. ते आज सुरू करायचं, आणि तेही बळवंतरावांपासून?

“न्या,” त्या म्हणाल्या. “पण पिंप परत येताना स्वच्छ येऊ दे. मागच्या खेपेला तळाशी पाल होती.”

“ती तुमचीच होती, वहिनी. मी नेलं तेव्हाच आत होती.”

मंगळवारी बळवंतराव शब्दाला जागले. तेच पिंप, धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, आणि काठोकाठ भरलेलं. नेलं त्यापेक्षा दोन बोटं जास्तच. बळवंतरावांच्या आईने त्यांना लहानपणीच शिकवलं होतं, की शेजारणीची वाटी परत करताना ती नेली त्याहून जरा भरलेली असावी. साठी उलटली तरी ते पिंपालाही तोच नियम लावत. विमलबाईंनी पिंप जागेवर ठेवून घेतलं, हिरवा पट्टा पुढे येईल असं फिरवलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. दिलं, आलं, मिटलं. उत्कर्षा परत आली, तिने ओळ मोजली, सात भरली, वहीत सात लिहिली. विमलबाई शेजारीच उभं राहून विड्याचं पान लावत होत्या. त्यांनी ते पान तोंडात टाकलं आणि गप्प राहिल्या.

तपासणी गुरुवारी होती आणि गुरुवारीच संकष्टी आली होती. आदल्या संध्याकाळी विमलबाई स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होत्या. उपासाच्या दिवशी त्या कोणाचं ऐकत नसत. त्यांची उपासाची कढई वेगळी, उलथनं वेगळं, शेंगतेलाची लहान बरणीसुद्धा वेगळी, आणि ती वरच्या फळीवर, जिथे बाकीच्या कशाचा हात पोचत नाही. उत्कर्षा एका हाताने आमटीला फोडणी देत होती आणि दुसऱ्या हाताने उद्याचे कागद लावत होती. फोडणीला तेल कमी पडलं म्हणून तिने वरची बरणी काढली आणि मोहरी लागलेला चमचा तिच्यात घालणार, एवढ्यात विमलबाईंचा आवाज आला.

“हात आवर. तो फोडणीचा चमचा आहे. उपासाच्या तेलात घालतेस?”

“चुकलं, चुकलं.” उत्कर्षाने बरणी जागेवर ठेवली. मग तिला हसू आलं. “आई, आपल्या हिरव्या पिंपांचं तरी दुसरं काय आहे? पामतेल तेच, रंग तोच, वासही तोच. पण दुसरं तेल थेंबभर पडलं की त्याचा उपास मोडला.”

साबुदाण्यातला विमलबाईंचा हात तिथेच थांबला.

त्यांनी विचारलं, “आणि पडलंय हे कळतं कसं?”

“नाही कळत. तुम्ही एवढ्या जुन्या, पण तुम्हालाही वासावरून सांगता येणार नाही. मशीनलाही नाही. म्हणून तर सगळं एकमेकांच्या शब्दावर चालतं.” उत्कर्षाने गॅस बारीक केला आणि फोन पुढे धरला. “ही बघा.”

फोनवर एक बाई होती. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात लांबच लांब बांबू, बांबूच्या टोकाला विळा. उंच झाडावरून तिने फळांचा लालभडक घड खाली पाडला आणि पाठ सरळ करून कॅमेऱ्याकडे बघून हसली. वयाने विमलबाईंच्याच आसपास असेल.

“ही इंडोनेशियात. हिची जमीन एवढीशी. एकटीला प्रमाणपत्र घेणं जमेना, म्हणून गावातल्या लहान शेतकऱ्यांनी गट केला, आपल्यासारखाच. शेजारचं जंगल जाळायचं नाही, मजुराला पुरती मजुरी द्यायची, सगळं कबूल केलं त्यांनी. मग गिरणीवाल्याने तिचं तेल वेगळं ठेवलं, जहाजवाल्याने वेगळं आणलं, व्यापाऱ्याने वेगळं भरलं. आणि आता आपण वेगळं ठेवतोय.”

‘आपण वेगळं ठेवतोय’ हे तिने इतक्या सहज म्हटलं, की विमलबाईंना साबुदाण्यात पाणी किती ठेवायचं हेही सुचेना. मघाशीच त्यांनी एका चमच्यासाठी सुनेला हटकलं होतं. आणि स्वतः? अख्खं पिंप.

सांगून टाकावं असं त्यांच्या जिभेवर आलं. पण उत्कर्षा कागदांवर खुणा करत गुणगुणत होती. तीन वर्षांत ती गुणगुणताना विमलबाईंनी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी साबुदाण्यावर झाकण ठेवलं आणि त्या देवापाशी जाऊन बसल्या, पण देवाला काय सांगायचं हेही सुचलं नाही.

सकाळी आठला त्या बळवंतरावांच्या कारखान्यात हजर झाल्या.

“माझं पिंप परत द्या.”

बळवंतराव मंजन करत होते. त्यांनी चूळ भरली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. “मंगळवारीच दिलं की, वहिनी.”

“ते तुमचं दिलंत. मला माझं हवंय.”

“तेलात कसलं आलंय तुमचं नि माझं?”

“आहे. माझं उपासाचं होतं.”

“साबणाला उपास?” बळवंतरावांनी त्यांच्या मागे, रस्त्यावर, कोणी हसायला सोबत आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. विमलबाईंचा चेहरा बघून त्यांनी हसण्याचा विचार सोडला आणि मागच्या फळ्यांकडे बोट दाखवलं. पिवळ्याधमक वड्या रांगेने वाळत पडल्या होत्या. “तुमचं ते बघा. न्यायचं असेल तर न्या, पण त्याचं आता तेल करून देता यायचं नाही मला.”

विमलबाई परतल्या. येताना त्यांनी हिशेब मांडला. ते पिंप गुपचूप साध्या ओळीत सरकवावं, तर सातची सहा होणार आणि वही बोंबलणार. आहे तसं राहू द्यावं, तर कोणालाच काही कळणार नाही. अगदी कोणालाच नाही. त्या बांबूवाल्या बाईला तर नाहीच नाही.

दहाला तपासणीसाठी अहमदाबादहून दीप्तीबेन आल्या. तिशीच्या असतील, कुर्ता, पायांत बूट, बोलायला गोड आणि नजरेला तिखट. त्यांनी आधी चहा नको म्हटलं, मग विमलबाईंच्या नजरेपुढे घेतला. नंतर दोन तास त्यांनी कारखाना उलथापालथा केला. व्यापाऱ्याचे कागद पाहिले, पिंपांवरचे आकडे कागदांशी ताडले, हिरव्या तेलाची कढई वेगळी आहे का, ती कशी धुता, कशाने धुता, सगळं विचारलं. मग पिंपांच्या ओळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “बे पिंप वजन करीशुं.”

दोन पिंपं काट्यावर चढली. तिसरं आणि सहावं. बळवंतरावांचं होतं ते पाचवं.

दोन्हींची वजनं बरोबर निघाली. दीप्तीबेनने मान हलवली, खुर्चीवर बसून कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. उत्कर्षा भिंतीला टेकून उभी होती. तिचे खांदे सैल झालेले विमलबाईंना दिसले. आता पाच मिनिटं. एक सही आणि एक नमस्ते, की पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारायला यायचं नाही.

“थांबा, बेन,” विमलबाई म्हणाल्या.

पेन थांबलं.

“सातातलं एक उपासाचं नाही.”

“एटले, बा? म्हणजे काय?”

“पाचवं. ते मी उसनं दिलं होतं. परत आलं ते दुसऱ्याचं तेल आहे. पट्टा आपला आहे, आतलं आपलं नाही.” त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. “ही भरूचला गेली होती. हिला ठाऊक नाही. हिने नको म्हणून बजावलं होतं, तरी मी दिलं.”

बळवंतराव कधी दारात येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांना वाटलं आपल्यावर आळ येतोय. “बेन, एक थेंब कमी नाही दिलेला,” ते पुढे येत म्हणाले. “उलट जास्तच आहे. काट्यावर घाला.”

पिंप काट्यावर चढलं. चार किलो जास्त निघालं. बळवंतरावांनी छाती पुढे काढून सगळ्यांकडे पाहिलं.

दीप्तीबेनने ओठ दाबून हसू आवरलं. “काका, असं पण एक प्रमाणपत्र असतं. त्यात तेल मिसळलं तरी चालतं. जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं, एवढं माप जुळलं की झालं. पण यांनी घेतलंय ते कडक वालं. यात मिसळायचंच नाही.”

“तुमचं ते मापाचं यांना द्या,” विमलबाई म्हणाल्या. “यांचा जन्म त्यातच गेलाय.”

दीप्तीबेन पुन्हा कागदावर वाकल्या. आता हसू नव्हतं. “मला इथे लिहावं लागेल, चूक कोणाची. जबाबदार कोण.”

विमलबाईंनी पदर सावरला आणि तोंड उघडलं. पण उत्कर्षा भिंतीपासून सुटून पुढे आली होती.

“माझी,” ती म्हणाली. “या कारखान्यात सगळ्यांना शिकवायची जबाबदारी माझी. आईंना मी काय करायचं नाही तेवढंच सांगितलं. का, ते कधी सांगितलंच नाही. काल संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं, आणि आज त्यांनी स्वतःहून हे दाखवलं. माझं नाव लिहा. उत्कर्षा सलील शिर्के.”

दीप्तीबेनने तिच्याकडे पाहिलं, मग विमलबाईंकडे, आणि लिहिलं. विमलबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नवरा, भास्करराव, गेल्यापासून त्यांच्या वतीने कोणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम त्यांचंच होतं. त्यामुळे अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा, याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो छताकडे केला.

बाकीचं काम पटापट झालं. ते पिंप अजून वापरायला काढलं नव्हतं, त्यातलं तेल साबणात गेलं नव्हतं, हे नशीब. पाचवं पिंप हिरव्या ओळीतून काढून साध्या ओळीत न्यायचं, नोंदीत एक पिंप कमी करायचं, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला नीट समजावून महिन्याभरात कळवायचं. शेरा लहान. प्रमाणपत्राला धक्का नाही, चौघांचं काम चालू.

“आणि समजवायला कोणी बाहेरचा बोलवू नका,” जाताना दीप्तीबेन म्हणाल्या. “बा सांगतील तसंच सांगा. उपवासाचं तेल. मीसुद्धा आता तसंच सांगणार आहे.”

“मग गटातल्या चौघांनी एकमेकांना द्यायचं तरी की नाही?” विमलबाईंनी विचारलं. “की शेजारधर्मच बंद?”

“द्या ने, बा. हिरव्याला हिरवं, आणि चिठ्ठी बरोबर.”

विमलबाई बळवंतरावांकडे वळल्या. “ऐकलंत? गटात या. नाही आलात तर यापुढे या दारातून तुम्हाला फक्त चहा मिळेल.”

“वहिनी, कागदाने साबणाला फेस येत नाही हो.”

“साबणाला नाही, तुमच्या तोंडाला येईल. तरी या.”

बळवंतराव मान खाजवत उभे राहिले. “त्या चार किलोंचं काय?” त्यांनी हळूच विचारलं. मग कोणाचंच लक्ष नाही असं बघून उत्कर्षाला म्हणाले, “फॉर्म असतो का काही? संध्याकाळी पाठव. चष्मा नसला तर वाचून दाखव.”

सगळे गेल्यावर कारखान्यात कढईची रटरट तेवढी उरली. उत्कर्षाने रॉकेलच्या फडक्याने पाचव्या पिंपावरचा पट्टा पुसून काढला. मग ती उपड्या बादलीवर बसली, आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून डब्यातली साबुदाण्याची खिचडी थेट चमच्याने खाऊ लागली. विमलबाई स्टुलावर बसून तिचं खाणं बघत होत्या. पोरीच्या कपाळाला तेल लागलं होतं. खिचडी चांगली झाली होती हे तिच्या खाण्यावरून दिसत होतं. आज सगळं जागेवर आहे, असं त्यांना वाटलं. फक्त एक गोष्ट नव्हती, आणि ती आत्ताच जागेवर ठेवायला हवी होती.

“उत्कर्षा.”

“काय आई?”

“इकडे बघ, खाता खाता ऐक. मला न विचारता तू माझी चूक उचललीस आणि आपल्या नावावर लिहून घेतलीस. हे पुन्हा करायचं नाही. शिर्क्यांच्या घरात ज्याची चूक त्याच्या नावावर. माझ्या अख्ख्या जन्मात मिळून चार झाल्यात. त्यातली एक तू नेलीस, तर लोक म्हणायचे, विमल शिर्के काही न करताच म्हातारी झाली. बाकी तू माणूस चोख आहेस. हे मी एकदाच सांगतेय, सलीलजवळ बोलू नकोस.”